मदत हवी आहे : मुलांची पात्रं गोष्टीत शिरतच नाहीत!

नमस्कार मंडळी. नागपुरात सातवीला मराठी शिकवते. बऱ्याच मुलांच्या घरी हिंदीच चालते, म्हणून यंदा पात्रं त्यांनाच रचायला लावली. एकाने इथल्या झिरो माईल स्मारकाच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांतला एक उचलला. तो रात्री कळमन्याच्या बाजारात जाऊन संत्री खातो, सालं तिथेच टाकतो आणि पकडला जातो. झकास!

बाकीच्यांचं घोडं मात्र वर्णनावरच अडलंय. डोळे हिरवे, शेपूट लांब, आवडतं खाणं तर्री पोहे. पुढे काही घडतच नाही. दोघांची पात्रं एकत्र आणली की ‘माझा हरणार नाही’ म्हणून भांडणं.

पात्राला अडचणीत टाकायला तुम्ही मुलांना काय विचारता? संवाद घरच्या बोलीत आणि बाकी प्रमाण मराठीत, असं कोणी करून पाहिलंय का? गुणांचं नंतर बघू.