दुचाकीचा विमा: स्वस्तात काय मिळालं आणि वेळेला काय उपयोगी पडलं?

– पुणे (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या तीन गाड्या आहेत. तिघांचाही प्रीमियम वेगळा. सगळ्यात कमी भरणारा अर्थातच खुशीत होता. तिन्ही पॉलिस्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसलं की त्याच्याकडे झिरो डेप (क्लेममध्ये भागांच्या जुनेपणाची कपात टाळणारी सोय) नाही, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सगळ्यात कमी आहे आणि मालकाचा अपघात विमाही काढून टाकलेला आहे. म्हणून हा धागा. तुम्ही दुचाकीचा इन्शुरन्स कसा निवडला, क्लेम केला असेल तर काय मिळालं, काय नाकारलं गेलं, ते लिहा. कंपनीचं नाव आणि गाडीचा नंबर नको. धागा भांडणाचा होऊ नये एवढीच इच्छा.

घासाघीस कुठे करायची ते आधी सांगतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासूनचे वर्षाचे दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, त्यापुढे १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० सीसीपर्यंत १३६६ आणि त्यावर २८०४. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १२५ सीसीच्या गाडीला साधारण ८४३ रुपये, मग एजंट तुमचा सख्खा मेहुणा का असेना. ‘थर्ड पार्टीवर स्पेशल डिस्काउंट’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात), ॲड-ऑनमध्ये (जादा पैसे भरून घ्यायच्या सोयींत) आणि अपघात विम्यात. तिथेच स्वस्ताई असते आणि तिथूनच वस्तू गायब होतात.

– सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी आलं तेव्हा आमची स्कूटर तळमजल्यावर होती. हँडलपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर गल्लीतली निम्मी पोरं किक मारून बघत होती. माझ्या मावसभावाचं गॅरेज आहे. त्याने फोनवर एकच सांगितलं, चावीला हात लावू नकोस, टेम्पोत घालून आण. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने नाही, गाडी चालू केल्यामुळे झालं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तरच त्या खर्चाची आशा.

आम्ही सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कंपनीच्या नंबरवर कळवलं, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडलं नाही. क्लेम बसला, पण पूर्ण बिलाचा नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत धरतात. फायबरचे ३० टक्के कापतात. लोखंडी भागांची कपात गाडीच्या वयाप्रमाणे, पहिले सहा महिने काही नाही, पाचव्या वर्षात ३५ टक्के. स्कूटरमध्ये प्लॅस्टिक किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे. झिरो डेप असतं तर यातली बरीचशी कपात झाली नसती. नवीन स्कूटरला ते घ्यावंच असं माझं मत. जुनी झाल्यावर बऱ्याच कंपन्या देतही नाहीत.

शेजारच्यांकडे नुसती थर्ड पार्टी होती. पुराचा त्यात काही संबंधच नसतो, त्यामुळे त्यांनी सगळा खर्च खिशातून केला. रस्त्यावर पोलिसाला दाखवायला मात्र ती पॉलिसी चोख होती.

– नाशिक

चोरीबद्दल लिहितो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची गाडी कॉलेज रोडवरून गेली. घेऊन दुसरं वर्ष चालू होतं. शोरूममध्ये ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असं सांगितलेलं, तेच डोक्यात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे. ती पाच वर्षं चालते. चोरी आणि मोडतोड ज्यात येते ते ओन डॅमेज बहुतेकांचं एकाच वर्षाचं असतं. ते संपलं तरी कागदावर ‘पाच वर्षं’ दिसतच राहतात. काकांना काही मिळालं नाही. पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या असतात, दोन्ही वाचा. ओन डॅमेज एकटं वेगळं घेता येतं, २०१९ च्या सप्टेंबरपासून ती सोय आहे, आणि थर्ड पार्टी ज्या कंपनीची आहे तिच्याकडूनच घ्यायला हवं असंही नाही.

दुसरं, आयडीव्ही. गाडी चोरीला गेली की जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. तक्त्याप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीतून २० टक्के वजा, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४०. लाखाची गाडी चौथ्या वर्षी साठ हजारांची. वेबसाइटवर किंमत कमी-जास्त करायची पट्टी असते आणि सुरुवातीला दाखवलेला आकडा बहुधा खालचा असतो, म्हणजे प्रीमियम गोंडस दिसतो. पंधरा हजारांनी आयडीव्ही खाली आणून वाचतात किती, तर शे-दीडशे रुपये. हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

क्लेमला दोन्ही चाव्या मागतात. एफआयआर लगेच, आणि कंपनीलाही लगेच कळवायचं. नंतर तपास लागला नाही म्हणून पोलिसांचा अ समरी अहवाल कोर्टातून मिळेपर्यंत थांबावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

– बीड जिल्हा

आमची स्प्लेंडर चौदा वर्षांची आहे. शेतावर जाते, दूध घालून येते. तिला फुल इन्शुरन्स काढून काय करू, गाडीचीच किंमत किती राहिली? थर्ड पार्टी मात्र एक दिवस चुकू देत नाही. रस्त्यात कुणाला धडक बसली तर रान विकावं लागेल. आमच्या वाडीत निम्म्या गाड्यांना तेवढाही इन्शुरन्स नाही, आणि पकडलं तर पहिल्यांदा दोन हजार दंड, पुढच्या वेळी चार. त्यात किती वर्षांची थर्ड पार्टी निघाली असती ते ज्याचं त्याने बघावं.

– सातारा

बीडच्या दादांनी बरोबर लिहिलंय. मी मोटार अपघात दाव्यांची कामं बघते, म्हणून थोडं सविस्तर.

समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर थर्ड पार्टीत भरपाईला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र दुचाकीच्या बाबतीत एक लाखापर्यंतच. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे विमा असूनही बोजा मालकावर. अकरावीतल्या भाच्याला गाडीची चावी देताना हे आठवावं.

मागे बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न लोक अपघात झाल्यावर विचारतात. नुसत्या थर्ड पार्टीत खासगी दुचाकीवरचा मागचा माणूस आपोआप धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण ज्याला फुल म्हणतो त्यात, तो येतो. बायको-मुलांना रोज मागे बसवून नेत असाल तर शे-पाचशेच्या फरकासाठी फुल सोडू नका.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ ज्याचा आहे ते: पंधरा लाखांचा अपघात विमा. तो ‘ओनर-ड्रायव्हर’चा असतो. आरसीवर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव, तोच गाडी चालवत असला पाहिजे आणि त्याच्याकडे चालू लायसन्स पाहिजे. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा, आणि वडिलांनी आयुष्यात लायसन्स काढलेलं नाही. अशा घरात अपघात झाला की कंपनी हेच कलम पुढे करते आणि वाद वर्षानुवर्षं चालतो. शक्य असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करा. नाहीतर मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या. तो गाडीला नाही, माणसाला असतो, त्यामुळे बसमध्येही चालतो. तुमच्याकडे पंधरा लाखांचा असा विमा आधीच असेल तर दुचाकीच्या पॉलिसीतला नाकारता येतो. पुण्याच्या त्या पार्किंगमधल्या गृहस्थांनी तसा विचार करून तो काढून टाकला असेल तर हरकत नाही. नुसता प्रीमियमचा आकडा कमी करायला काढून टाकला असेल तर आजच विचारा.

– नागपूर

वकीलताई, वडिलांच्या नावावरची गाडी वाचून आमच्या घरात आत्ताच बैठक बसली!

माझा अनुभव लहान आहे. आरसा आणि इंडिकेटर फुटला, एजंट म्हणाला क्लेम टाकू. नो क्लेम बोनस ३५ टक्क्यांवर होता, तो एका क्लेमने शून्यावर आला असता. पाच वर्षं क्लेम नसला की ५० टक्के सूट मिळते, पण फक्त ओन डॅमेजच्या रकमेवर. खिशातून आरसा बदलला. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर हा बोनस तसाही जातो. जुनी गाडी विकलीत तरी बोनस तुमचाच राहतो, कंपनीकडून पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा.

– ठाणे

मी संध्याकाळी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. सुरू करण्याआधी विमा कंपनीला ईमेल करून विचारलं की माझ्या खासगी पॉलिसीत हे चालेल का. उत्तर सरळ आलं: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक खासगी पॉलिसीत बसत नाही. ॲपवाले जो विमा देतात तो लॉग-इन असताना माझ्या शरीराचा. गाडीचा नाही. या कामासाठी वेगळी पॉलिसी मागितली तर एजंटांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी काढली असेल तर लिहा, मला खरंच हवी आहे.

– म्हापसा

आमच्याकडे भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. सीझनला ओळखीपाळखीत पांढऱ्या पाटीच्या गाड्याही सर्रास दिल्या जातात, दिवसाला शंभर रुपये कमी घेऊन. ठाण्याच्या भावाने लिहिलेलं कलम तिथेही लागू. गोव्याला येणाऱ्यांनो, पाटी बघा आणि विम्याची तारीख बघा. आणि विमा असला तरी गाडीवर तुम्ही पाडलेले ओरखडे मालक तुमच्याच डिपॉझिटमधून वळते करून घेतो, ते वेगळं.

– कोल्हापूर

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असं कायदा धरतो, तरी १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. ओन डॅमेज आपोआप जात नाही. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत गाडी चोरीला गेली तर क्लेम अडकतो. आम्ही गाड्यांची खरेदी-विक्री करतो, नाव बदलल्याशिवाय चावी देत नाही. गिऱ्हाईक चिडतं.

– पुणे (धागाकर्ता)

पार्किंगमधल्या गृहस्थांना विचारलं. त्यांच्याकडे वेगळा अपघात विमा नाही. आता घेतायत.

क्लेम नाकारला तर काय, असं दोघांनी निरोपातून विचारलं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत जायला हवं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, पुण्यातलं नारायण पेठेत. ठाण्याच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. डिलिव्हरीसाठी पॉलिसी काढलेलं कुणी आहे का?