वॉलमार्टचे स्प्लिट

शेअर स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर करणं, हा निव्वळ आकड्यांचा खेळ आहे असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. कंपनीची किंमत त्याने बदलत नाही, खरंय. पण वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या २०२४च्या ३:१ स्प्लिटमागे (एका शेअरचे तीन) एक कारण होतं. कर्मचाऱ्यांना पगारातून अख्खा शेअर घेता यावा, हा संस्थापक सॅम वॉल्टनचा आग्रह होता आणि कंपनीने तोच दाखला दिला. त्याआधीचा स्प्लिट १९९९चा; मध्ये पंचवीस वर्षं काहीच नाही!

जुने चार्ट बघताना मात्र जपून. १९७०च्या आयपीओत (कंपनीने शेअर पहिल्यांदा लोकांना विकले तेव्हा) एका शेअरचा भाव १६.५० डॉलर होता. त्यानंतर अकरा वेळा २:१ आणि एकदा ३:१, म्हणजे तेव्हाच्या १०० शेअरचे आज ६,१४,४०० झाले. म्हणून समायोजित चार्टवर, म्हणजे जुने भाव स्प्लिटच्या हिशोबाने भागून दाखवणाऱ्या चार्टवर, तोच भाव पाव सेंटाच्या जरासा वर दिसतो.