चुलतभावाच्या बागेतले बल्ब आणि आमचं माळवद: काही मार्ग आहे का?

जतचा माळवदकर
21 नोव्हेंबर 2025, रात्री 11:50

मंडळी, इथे बहुतेक जण शहरातल्या उजेडात तारे दिसत नाहीत ही तक्रार घेऊन येतात. माझं दुखणं जत तालुक्यातल्या माळरानावरचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बँकेतली नोकरी संपवून सहा वर्षांपूर्वी गावी आलो. घर जुनं, मातीचं माळवद (सपाट छत) अजून शाबूत. लहानपणी उन्हाळाभर सगळं घर तिथंच झोपायचं. आजोबांकडे घड्याळ नव्हतं. सुगीच्या दिवसांत तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) कुठवर आलंय ते बघून राखणीला जाणाऱ्याला उठवायचे. 1997 साली हेल-बॉप धूमकेतू आला तेव्हा आजी तिथूनच बोट दाखवून म्हणाली होती, "शेंडेनक्षत्र निघालंय, काळ वाईट यायचा." काळ काही फार वाईट आला नाही, पण मला मात्र आकाशाचं वेड लागलं ते लागलंच. निवृत्तीच्या पैशांतून पहिली खरेदी कोणती, तर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण. बायको अजून टोमणे मारते.

दर अमावस्येला जिल्हा परिषदेच्या शाळेतली सहावी-सातवीची पोरं माळवदावर येतात. गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

यंदा दिवाळीनंतर चित्र पालटलं. घराच्या पूर्वेला, मध्ये एक बांध सोडून, धाकट्या चुलतभावाची दोन एकर ड्रॅगन फ्रूटची बाग आहे. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून झाडाला कळी येत नाही. रात्री उजेड दाखवला की येते, आणि बिगरहंगामी फळाला भाव चांगला मिळतो. तर त्यानं खांबांच्या ओळींवरून वायर ओढून बल्ब टांगलेत. नऊ वॉटचे, पांढरेफेक. मी माळवदावर बसून मोजले, चारशे बारा. दिवेलागणीला लागतात ते अकरापर्यंत.

काल अमावस्येला पोरं आली. माळवदावर कठड्याची सावली पडली होती, अमावस्येला! एका पोरानं हातातल्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरातली किंमत वाचून दाखवली आणि सगळी हसली. मीही हसलो, काय करणार. कृत्तिकांत सहा मोजणाऱ्या पोरांना चार दिसल्या. देवयानीतली दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी), जी मी इथून सहज बोटानं दाखवायचो, ती मलाच सापडेना. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड शेवटच्या दीडशे फुटांत हरला म्हणायचा.

भांडायचं नाही, हे आधीच सांगतो. त्याची द्राक्षबाग पाण्यावाचून गेली, कर्ज झालं, आणि त्यातून त्याला या पिकानंच वर काढलं. आमच्याकडे पाऊस नाही म्हणून आकाश निरभ्र, आणि पाऊस नाही म्हणूनच त्यानं हे निवडुंगाच्या जातीचं पीक धरलं. विषय काढला तर म्हणाला, "आण्णा, तुमच्या चांदण्या कुठं पळून जात्यात व्हय? मार्चनंतर बघा की." आता मार्चनंतर संध्याकाळी देवयानी कुठली दिसायला!

शिवाय मारुतीच्या देवळापुढे ग्रामपंचायतीनं हायमास्ट उभा केलाय, पण तो निदान लांब आहे. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात, त्यांचा मला त्रास नाही.

तर प्रश्न असा: बागेचं नुकसान न होता या उजेडाचं काही करता येईल का? कुणी केलंय का?


तिरकस
22 नोव्हेंबर, सकाळी 8:05

गावात लाईट आली म्हणून रडणारा पहिलाच माणूस बघितला. पेन्शन चालू असली की चांदण्या सुचतात. शेतकऱ्याला दोन पैसे मिळू द्या की.


जतचा माळवदकर
22 नोव्हेंबर, सकाळी 9:20

तिरकसराव, मी कंदिलाच्या उजेडात दहावी केली आहे, तेव्हा लाईटचं मोल मला शिकवू नका. भांडायचं नाही हे वर लिहिलंय, तेवढं वाचलं असतंत तर बरं झालं असतं.


पुण्याची दुर्बीण
22 नोव्हेंबर, दुपारी 1:30

माळवदकर, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत.

पहिलं म्हणजे थेट डोळ्यांत येणारा उजेड. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक बल्ब नजरेत आला की ती कमाई गेली. याला आडोसा हा साधा उपाय आहे. बल्ब दिसणार नाहीत इतका उंच अडसर पूर्वेला उभा करा, निम्मं काम तिथंच होईल. डोबच्या, म्हणजे तुमच्या डॉब्सोनियनच्या, नळीच्या तोंडालाही काळ्या कागदाची लांब कॉलर लावा.

दुसरं दुखणं म्हणजे हवेत पसरलेला उजेड, त्याला आडोसा चालत नाही. इथे बल्बचा रंग महत्त्वाचा. पांढऱ्याफेक एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो आणि हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं. 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश 600 नॅनोमीटरच्या नारिंगीपेक्षा तिपटीनं विखुरतो. बल्बच्या खोक्यावर 6500 केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका निळसर) लिहिलंय का बघा. 2700 चे पिवळसर बल्ब घेतले तर तेवढ्याच वॉटला आकाश कमी धुरकट होईल. आणि आडवा सुटणारा उजेड सर्वांत वाईट, कारण तो हवेतून लांबवर जात राहतो. बल्बला टोपी हवीच.

मोजमाप ठेवा, नाहीतर पुढे नुसती वादावादी होते. महागडं यंत्र नको. सध्या रात्री आठच्या सुमाराला भाद्रपदांचा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. चौकोनाच्या आत, चार कोपरे सोडून, किती तारे दिसतात ते पोरांकडून मोजून घ्या. पुण्यात आमच्या गच्चीवरून शून्य. चांगल्या अंधारात दहा-बारा सहज दिसतात. बल्ब चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही आकडे वहीत लिहा.

अशा साध्या डोळ्यांच्या मोजणीला विज्ञानात किंमत आहे. जगभरच्या हौशी लोकांनी 2011 ते 2022 या काळात केलेल्या नोंदींवरून आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. म्हणजे आज जिथे अडीचशे तारे दिसतात, तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी शंभरच दिसतील. तुमच्याकडे ते एका दिवाळीत झालं इतकंच.


सांगोल्याचा निवडुंगवाला
22 नोव्हेंबर, रात्री 9:15

मी स्वतः बल्ब लावणारा आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

आमच्याकडे डाळिंबाला तेल्या रोग आला, बाग काढली, तिथे ड्रॅगन लावला. तिसरा हिवाळा बल्ब लावतोय. तुमच्या भावाची वेळ चुकतेय असं मला वाटतं. झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. मोठी रात्र मध्येच तोडली की त्याला वाटतं रात्री लहान झाल्या. शेवंतीवाले तेच करतात, फक्त त्यांना फूल लांबवायचं असतं आणि आम्हाला आणायचं असतं. म्हणून सांजेपासून बल्ब जाळण्यापेक्षा मध्यरात्रीच्या आगेमागे तीन-चार तास दिले तर काम चांगलं होतं. मी साडेदहा ते दोन देतो. लोक सांजेला लावतात याचं खरं कारण म्हणजे झोपायच्या आधी खटका बंद करता येतो! रात्री दोनला उठून कोण शेतात जातंय? टायमर बसवायचा. मी आठशेला आणला, दोन वर्षं झाली, चालू आहे.

रंगाचं वर लिहिलंय ते आमच्याही फायद्याचं आहे. झाडात रात्र मोजणारं जे द्रव्य असतं ते लाल उजेडाला सर्वांत जास्त जागतं. व्हिएतनामात पूर्वी हे पिवळ्या तारेच्या बल्बवर करत, ते चालायचं कारण त्यात लाल भरपूर. पांढऱ्यातला निळा भाग कळीसाठी फुकटच जातो. मी गेल्या वर्षी सहा ओळींना पिवळे बल्ब लावून बघितले, कळीत काही फरक नाही. पण चांगले चालणारे चारशे बल्ब कुणी एका झटक्यात फेकणार नाही. फुटतील तसे बदला म्हणावं.

टोपीसाठी मी रंगाचे रिकामे डबे अर्धे कापून वापरले. एलईडी फार तापत नाही. उजेड वर जाण्याऐवजी फांदीवर पडतो, मग नऊऐवजी सात वॉटवर भागतं. भावाला चांदण्यांचं सांगू नका, बिलाचं सांगा.

आणि अधूनमधून एखादी रात्र बंद राहिली तर आभाळ कोसळत नाही. आमच्याकडे वीज जातेच की.


नागपूरकर काकू
23 नोव्हेंबर, सकाळी 7:40

हायमास्टबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण) जाहीर झाला, आशियातलं पाचवं. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. मी पुतण्याबरोबर गेले होते. गावात अंधार नाहीये हो, रस्ता नीट दिसतो, उलट डोळ्यांवर तिरीप येत नसल्यानं खड्डा आधी दिसतो. आकाशगंगा बघून पुतण्या म्हणाला, "काकू, ढग आले वाटतं." त्याला वाटलं ढगच!

ग्रामपंचायतीत जाल तेव्हा "दिवा बंद करा" हे वाक्य उच्चारूच नका. बायका-पोरींच्या सुरक्षिततेचा मुद्दा लगेच येतो, आणि तो बरोबरच आहे. "दिव्याचं तोंड खाली करा" एवढंच म्हणा.


जतचा माळवदकर
20 डिसेंबर, रात्री 10:15

महिनाभर लिहिलं नाही, आज हिशोब देतो.

आडोसा आधी केला. विकत काही आणावं लागलं नाही. कडब्याची गंज दरवर्षी गोठ्यामागे रचतो, ती यंदा पूर्वेच्या बांधाला लांबट रचली. गडी म्हणाला, "आण्णा, गंज का भिंत?" माळवदावर उभं राहिलं तर अजून दोन ओळी दिसतात, बसलं की एकही नाही. डोब बसूनच वापरायची असते, त्यामुळे जमलं.

टायमरची गोष्ट मात्र सोपी नव्हती. भाऊ म्हणाला, "सांगोल्याचा कोण कुठला, त्याचं ऐकून माझी कळी गेली तर?" मग निवडुंगवाल्यांनी स्वतः फोनवर त्याच्याशी पाऊण तास बोलून घेतलं. त्यात चांदण्यांचा उल्लेख नव्हता म्हणे, सगळं खत, बुरशी आणि व्यापारी. दुसऱ्या दिवशी टायमर आला. आता बल्ब साडेदहाला लागतात. म्हणजे जेवणं उरकल्यापासून दोन-अडीच तास आकाश आमचं. सहा ओळींना पिवळे बल्बही लावलेत, बघू म्हणाला. डबे कापायचं काम अजून तसंच राहिलंय.

भाद्रपदा चौकोनातली पोरांची मोजणी: बल्ब चालू, आडोशाविना, तीन. बल्ब चालू, गंजीआड बसून, पाच. बल्ब बंद, अकरा. सातवीतली एक मुलगी चौदावर अडून बसली आहे. तिचे डोळे माझ्याहून पन्नास वर्षांनी तरुण, तेव्हा मी वाद घातला नाही, वहीत चौदाही लिहिले.

13 तारखेला मिथुनचा उल्कावर्षाव होता. तो ऐन मध्यरात्री रंगतो, म्हणजे नेमका बल्बच्या वेळेत. एक रात्र मागून घेतली. भावानं खटका पाडला आणि "बंद केलंय तर बघू तरी काय ते" म्हणत घोंगडं घेऊन स्वतःच वर आला. साडेअकरा ते दीड, त्र्याण्णव उल्का. पहिल्या वीस-पंचवीस मोजताना तो गप्प होता. एक मोठी हिरवट उल्का व्याधाच्या बाजूला गेली तेव्हा एकदम उठून बसला आणि म्हणाला, "आण्णा, आज्जी आस्ती तर म्हणाली आस्ती कोण तरी गेलं." मग आम्ही आजीविषयीच बोलत बसलो आणि मधल्या पाच-सहा मोजायच्या राहिल्या.

गुरूचे चार चंद्रही त्याला दाखवले. दुर्बिणीला डोळा लावून विचारतो, "ह्याला बल्ब किती वॉटचा लागंल?"

आज अमावस्या संपली. पोरं नुकतीच खाली गेली, देवयानी बोटानं दाखवता आली. बल्ब पेटायला पंधरा मिनिटं आहेत, तेवढ्यात हे लिहून टाकतोय.

राहिला हायमास्ट. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेणार आहे. काकू, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरतो. दिव्याचं तोंड खाली करण्याच्या अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका. आमचे ग्रामसेवक तोंडी काही ऐकून घेत नाहीत.