घाटात गाडी तापते, कुलंट कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही – मदत हवी आहे

घाटमाथा :

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

गाडी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. नोव्हेंबर २०११ ची नोंदणी, मूळची पुण्याची. २०२१ मध्ये आम्ही ती १ लाख ६५ हजारांना घेतली तेव्हा ७४ हजार किलोमीटर झालेली होती, आज १ लाख १२ हजारांवर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा कुठली कंपनी चांगली यावर जातो. आणि साडेचौदा वर्षं चाललेल्या गाडीसाठी कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आम्ही पाचगणीजवळ राहतो. सासऱ्यांचं (आम्ही त्यांना नाना म्हणतो) आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस असतं. सकाळी सहाला निघायचं, पसरणी घाट उतरून वाई, तिथून सातारा. चार तास ते मशीनवर. परत निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. डायलिसिस झाल्यावर त्यांना घाम फुटतो, कधी बीपी उतरतं, त्यामुळे एसी बंद ठेवून चालत नाही. मिस्टर नोकरीसाठी पुण्याला असतात, गाडी मीच चालवते.

मार्चपासून परतीच्या वाटेवर, वाई सोडून घाट लागला की तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागतो. एसी बंद केला की थोडा थांबतो, मग पुन्हा चढतो. गेल्या महिन्यात बुवासाहेबांच्या मंदिराजवळ तो लाल रेषेला टेकला. गाडी कडेला घेतली, नानांच्या बाजूचं दार उघडून दिलं आणि पाऊण तास तिथेच थांबलो. मला फार अपराधी वाटत होतं. नाना मात्र म्हणाले, "पोरी, दमलीय ती. बसू दे तिला जरा." त्या दिवशी एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं म्हणून हीटर पूर्ण चालू केला, तर काटा खरंच खाली आला. तसंच हीटर लावून, सगळ्या काचा उघड्या टाकून घरी पोचलो.

कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी दर आठवड्याला जवळपास अर्धा लिटर उतरते. पार्किंगमध्ये रात्री पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी कोरडा. इंजिन ऑइल स्वच्छ आहे, झाकणाच्या आतून पांढरी साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये कुलंट मिसळत नसावं. सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येते, पण इथल्या थंडीत ती सगळ्यांच्याच गाड्यांतून येते.

तीन गॅरेज झाली. पहिल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि हेड गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधली सील) गेलंय म्हणाला, हेड घासून सपाट करण्यासकट (फेसिंग) २४ हजार. दुसरा म्हणाला रेडिएटर (कुलंट गार करणारी पुढची जाळी) चोक आहे, बदला. तिसरा म्हणाला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कुलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, हजार रुपयांत काम होईल. एकानेही गाडी घाटात चालवून पाहिली नाही.

आजवरचा खर्च वहीत आहे. क्लचचा सेट ९,५००, चार टायर १४,८००, बॅटरी ४,६००, पुढचं सस्पेन्शन ७,२००, बाकी सर्व्हिसिंग. हे सगळं वेळच्या वेळी केलंय, गाडीने कधी दगा दिला नव्हता. त्यात येत्या नोव्हेंबरला १५ वर्षं पूर्ण होतात. तर विचारायचं असं, की २४ हजार घालण्याआधी नक्की काय काय तपासून घेऊ? आणि या वयाच्या गाडीवर ते घालावेत का?

सदाफुली :

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण पेशंट घेऊन अशा गाडीतून जाणं मला बरोबर वाटत नाही. विकून टाका आणि थोडे पैसे घालून सात-आठ वर्षांची एखादी बघा. तोपर्यंत भाड्याची गाडी करा.

घाटमाथा :

सदाफुली, काळजीने लिहिलंत, म्हणून हिशोब सांगते. इथून सातारा, तिथलं थांबणं आणि परत, असे २,२०० घेतात. महिन्याला नऊ फेऱ्या धरल्या तर जवळपास वीस हजार. म्हणजे गॅसकेटचा खर्च सव्वा महिन्याच्या भाड्यात निघतो. दुसरी गाडी घेतली तरी ती वापरलेलीच असणार. तिच्यात आधी काय काय होऊन गेलंय ते मला कोण सांगणार? या गाडीचा निदान पाच वर्षांचा इतिहास माझ्या वहीत आहे. एसटीने त्यांना परत आणणं शक्य नाही, एकदा प्रयत्न केला होता. पण तुमचं एक पटलं. निदान होईपर्यंत या दोन-तीन फेऱ्यांना भाड्याचीच गाडी सांगते.

पाना_पक्कड :

ताई, मी बावीस वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय. वाचून जे वाटलं ते सांगतो.

गॅसकेट नुसत्या नजरेने ठरत नाही, त्याच्या परीक्षा आहेत. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन चालू करा. लगेच आणि सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात जातोय. एखाद-दुसरा बुडबुडा येऊन थांबला तर ती नुसती अडकलेली हवा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावरही वरचा होज पाइप दगडासारखा फुगलेला लागला तर तीही गॅसकेटचीच खूण. चांगल्या गॅरेजमध्ये एक निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडावर धरल्यावर ते पिवळं पडलं तर गॅसकेट नक्की गेलं. ही परीक्षा केल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका.

त्याच्याही आधी रेडिएटरचं झाकण बघा. तीनशेच्या आतली वस्तू, पण सगळा खेळ तिच्यावर. पाचगणी साधारण १३०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर नीट असेल तर कुकरसारखा दाब राहतो आणि पाणी शंभराच्या बरंच वर गेल्याशिवाय उकळत नाही. रबर कडक झालं किंवा कुठेही बारीक गळती असली की दाब टिकत नाही, आणि नेमकं घाटात पाणी उकळायला लागतं. मग एसी लावा, समोरचा पंखा लगेच फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आतून झिजतं. खराब असेल तर नवा बसवा. रेडिएटर चोक आहे का ते हातालाही कळतं. गाडी तापवून बंद करा, पंख्याचं कनेक्शन काढा आणि जाळीवरून सावकाश हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी भरलं असेल तर क्षार बसणारच.

आता तुमच्या लिहिण्यात मला खटकलेली गोष्ट. आठवड्याला अर्धा लिटर जातंय, ऑइल स्वच्छ, पुठ्ठा कोरडा. मग ते पाणी गाडीच्या आत तर जात नाही ना? डाव्या सीटच्या पायाखालचं मॅट उचलून बघा. ओलं असेल तर बोटाने चोळा आणि वास घ्या. एसीचं पाणी साधं असतं, वास नाही, चिकटपणा नाही. कुलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चव मात्र चुकूनही घेऊ नका, ते विषारी असतं. कुत्री-मांजरी गोड लागतं म्हणून पितात आणि दगावतात, म्हणून सांडलेलं धुऊन टाका.

घाटमाथा :

दादा, हे वाचलं आणि तशीच खाली जाऊन मॅट उचललं. खालचं फोम पिळण्याइतकं ओलं आहे, बोटाला हिरवट बुळबुळीत लागलं. ते मॅट जानेवारीपासून ओलं असायचं. एसीचं पाणी असेल म्हणून मी वाळत घालायचे आणि परत टाकायचे. समोरची काचही आतून तेलकट व्हायची, कितीही पुसली तरी.

आणखी एक. नाना डावीकडेच बसतात. दोन महिन्यांपूर्वी ते म्हणाले होते, "गाडीत गुऱ्हाळासारखा वास येतोय गं." मला वाटलं डायलिसिसमुळे तोंडाची चव गेलीय तसं वासाचंही काही झालं असेल. डॉक्टरांनाही विचारून झालं. आज त्यांना सांगितलं तर म्हणाले, मी तेव्हाच सांगत होतो.

पाना_पक्कड :

नानांनी बरोबर ओळखलं. हीटर कोअर गळतोय. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं. म्हणूनच हीटर लावल्यावर काटा उतरला, इंजिनची उष्णता तुमच्या केबिनमध्ये आली. तोच कोअर फुटला की पाणी आत, काचेवर तेलकट धुकं आणि मॅट ओलं.

काही जण दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर बायपास करून देतात, दोनशे रुपयांचं काम. मैदानी भागात असतात तर करा म्हटलं असतं. पाचगणीच्या पावसाळ्यात धुक्यात काच साफ ठेवायला तुम्हाला हीटर लागणार. कोअर बदलाच. डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी जास्त पडेल. प्रेशर टेस्ट करायला सांगा, रेडिएटरचीही खात्री होईल. आणि पुन्हा कधी तापली तर झाकण गरम असताना उघडू नका, इंजिनवर गार पाणी ओतू नका. हेड वाकतं, मग गॅसकेट खरंच जातं.

कृष्णाकाठ :

१५ वर्षांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते हा गैरसमज आहे. ती बंदी दिल्लीकडची, आपल्याकडे नोंदणीचं नूतनीकरण होतं. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ चा अर्ज करता येतो. आरटीओत गाडी दाखवावी लागते, पास झाली की पाच वर्षं मिळतात. शुल्क पूर्वी ६०० होतं, एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० झालं. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० जादा. पीयूसी, विमा चालू हवा आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. आरसीवर पत्ता सातारा जिल्ह्याचा झालाय ना?

घाटमाथा :

पत्ता झालाय, घेतानाच करून घेतला होता. नंबर तेवढा एमएच १२ चा आहे. प्लेट बसवून झालीय.

आता काय झालं ते सांगते. वाईतल्या चौथ्या गॅरेजमध्ये गेले आणि आधी प्रेशर टेस्ट करा म्हटलं. त्यांनी कुरकुर न करता केली. पंप मारून ठेवला तर दाब दहा मिनिटांत निम्म्यावर आला आणि डाव्या बाजूला आत थेंब पडताना मी डोळ्यांनी पाहिले. निळ्या द्रावणाची परीक्षाही केली, रंग बदलला नाही. हेड गॅसकेट शाबूत आहे! रेडिएटरचा खालचा भाग गार लागत होता, उघडल्यावर तांबूस गाळ निघाला.

हीटर कोअर ३,२००, रेडिएटर ४,८००, थर्मोस्टॅट ९००, झाकण २५०, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर १,१००, मजुरी ३,५००. एकूण १३,७५०. गाडी दोन दिवस तिथे होती. फोम पूर्ण काढून धुतलं, गच्चीवर वाळवलं.

शुक्रवारी साताऱ्याहून परतताना पूर्ण घाट एसी लावून चढले. काटा अर्ध्याच्या किंचित खाली, जागचा हलला नाही. तरी मंदिराजवळ मुद्दाम थांबून बॉनेट उघडून बघितलं, पातळी होती तिथेच. आज आठवा दिवस, बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय आणि कुलंट अजून त्या रेघेवरच आहे.

पाना_पक्कड दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कृष्णाकाठ, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय. नूतनीकरण करायचं ठरलं आहे. जुना कोअर मागून आणलाय, चीर स्पष्ट दिसते. कोणाला उपयोग होणार असेल तर फोटो टाकते. सप्टेंबरमध्ये आरटीओचं काम सुरू केलं की काय काय लागलं ते इथेच लिहीन.