'आभा कार्ड काढलं' म्हणजे नेमकं काय काढलं? (शब्दचर्चा)

साताराकर

मंडळी, या वेळी एक शब्द नाही, शब्दांचा गठ्ठाच चर्चेला घेतेय. आभा, आयुष्मान, खातं, संमती. मी अधूनमधून सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना कागदपत्रांसाठी मदत करायला जाते आणि तिथं एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते लिहूनच काढावंसं वाटलं: "ताई, आमचं पाच लाखाचं आभा कार्ड काढलेलं आहे, ऑपरेशन फुकट होईल ना?"

आता आभाचा आणि पाच लाखाचा काही संबंध नाही. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, 14 आकडी नंबर, 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल मिशनचा भाग, त्यानं तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एकमेकांना जोडता येतात, बस. पाच लाखाचं संरक्षण देतं ते आयुष्मान कार्ड, म्हणजे सप्टेंबर 2018 ची पीएमजेएवाय (प्रधानमंत्री जन आरोग्य योजना) आणि आपल्या राज्यात तिच्याशी जोडलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना. कार्डं वेगळी, कामं वेगळी, पण दोन्हीच्या नावात आयुष्मान भारत, दोन्ही बऱ्याचदा एकाच शिबिरात एकाच टेबलावर, आधार आणि ओटीपीवर होतात. माणूस घरी जाऊन सांगणार काय? कार्ड काढलं.

माझी शंका या 'काढणे'वरच आहे. मराठीत विमा काढतात, पॉलिसी काढतात, कर्ज काढतात, रेशनकार्ड काढतात, केसपेपर काढतात. यातल्या प्रत्येक काढण्यातनं काहीतरी पदरात पडतं: पैसा, धान्य, निदान डॉक्टरांपुढं जायचा हक्क. म्हणून 'आभा काढलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं की काहीतरी मिळालं. तुम्हाला काय वाटतं? आणि आभाला मराठीत काय म्हणावं?

शब्दखूळ

छान विषय. आधी व्युत्पत्तीचं उरकतो. आभा म्हणजे तेज, कांती, प्रभा. संस्कृत 'भा', चमकणे, त्यावरून. भानू, प्रभा, विभा सगळी त्याच घरातली. काही लोक याचा संबंध आभाळाशी लावतात, तो चूक आहे, आभाळ आलं अभ्रापासून. सरकारी आभा मात्र कुठल्याच धातूवरून आलेलं नाही, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेला शब्द आहे आणि जुळवताना तो देशी वाटेल असा जुळवला आहे. 'आशा'चंही तेच, 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातलं इंग्रजी लांबलचक पद, पण आता आशाताई हा अस्सल मराठी शब्द झालाय, कारण त्या शब्दामागे दारात येणारी बाई आहे. आभामागे कोण उभं आहे ते लोकांना दिसत नाही.

आयुष्मान म्हणजे दीर्घायुषी, आयुस् + मत्. आपल्याकडे याचाच घरगुती भाऊ आहे 'औक्षवंत'. औक्ष हे आयुष्यापासूनच आलं, औक्षण त्यातलंच. म्हणजे योजनेचं नाव मुळात आशीर्वाद आहे, आणि आशीर्वादातनं अटी कळत नाहीत.

नागपूरकर

मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, सीएचओ म्हणतात आम्हाला. आमच्या केंद्राचं नाव आधी हेल्थ अँड वेलनेस सेंटर होतं, 2023 च्या शेवटी आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. म्हणजे आयुष्मान कार्ड, आयुष्मान भारत खातं, आयुष्मान मंदिर. म्हातारी माणसं विचारतात मंदिरात कार्ड दाखवायचं का. भर म्हणजे ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वय वंदना याच नावाची एलआयसीची पेन्शन योजना 2023 पर्यंत नव्यानं घेता येत होती, त्यामुळे काही आजोबा पेन्शन कधी जमा होईल हे विचारायला येतात. एकच शब्द चार ठिकाणी वापरला की लोकांचा गोंधळ होणारच, यात लोकांची काहीच चूक नाही.

पण एक शब्द फार नीट बसलाय, तोही सांगतो. ई-संजीवनीवर आम्ही इथून व्हिडिओवर मोठ्या डॉक्टरांशी पेशंटचं बोलणं करून देतो, 2019 पासूनची सेवा आहे, कोविडमध्ये एप्रिल 2020 ला घरबसल्या ओपीडीही निघाली. याला पुस्तकी शब्द पुष्कळ आहेत, दूरवैद्यक वगैरे. गावात म्हणतात "ऑनलाइन दाखवलं". डॉक्टरला 'दाखवणे' हे क्रियापद आपल्याकडे आधीपासून होतंच, त्याला ऑनलाइन जोडलं की झालं, कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून माझं मत असं की नाव काय ठेवता यापेक्षा त्याला कुठलं क्रियापद लागतं ते महत्त्वाचं.

साताराकर

क्रियापदाचं अगदी पटलं. अजून एक, 'बसणे'. "ऑपरेशन योजनेत बसतं का?" हा प्रश्न आमच्याकडं योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला विचारतात, आणि अजूनही "जीवनदायीत बसतं का" असंच विचारतात. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, 2017 ला नाव बदलून महात्मा फुले झालं, लोकांनी बदललेलं नाही. जीवनदायी हा शब्द टिकला कारण काय करते ते नावातच आहे.

आता 'अकाउंट'चं. मराठीत खातं. पण 'आरोग्य खातं' म्हटलं की आपल्याला आठवतं सरकारचं आरोग्य खातं, महसूल खातं, पोलीस खातं त्यातलं! म्हणजे "तुमचं आरोग्य खातं उघडलं" हे वाक्य धड लागत नाही, आणि "आरोग्य खात्याचं कार्ड" म्हटलं तर ते सरकारनं दिलेलं सवलतीचं कार्ड वाटतं. बँकेतल्या खात्यावरनं अर्थ घ्यावा तर आणखी पंचाईत, खात्यात पैसे असतात. इथं तर रिपोर्टसुद्धा नसतात, ते ज्या दवाखान्यात, लॅबमध्ये तयार झाले तिथंच राहतात, नंबर फक्त वाट दाखवतो.

पुणेकर

मी या क्षेत्रात सॉफ्टवेअरचं काम करतो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कारण गठ्ठ्यातला सगळ्यात वजनदार शब्द अजून कोणी उचललाच नाही, संमती.

साताराकरताई म्हणतात ते बरोबर, सगळं एका जागी साठवलेलं नसतं. एका दवाखान्यातल्या डॉक्टरला दुसऱ्या दवाखान्यातला रिपोर्ट बघायचा असेल तर तो विनंती पाठवतो आणि ती तुमच्या ॲपवर येते. त्या विनंतीत काय काय असतं बघा: कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कुठल्या प्रकारची कागदं (औषधाची चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज समरी), कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची, आणि बघायची मुभा कधी संपणार. तुम्ही यातलं कमी करू शकता, नाकारू शकता, दिलेली संमती मागे घेऊ शकता. कागदावर ही रचना खरंच चांगली आहे, मी मनापासून म्हणतोय.

आता काउंटरवर काय बोललं जातं? "ओटीपी सांगा." सहा आकडे सांगितले की काम झालं. मघाशी आधार पटवायला आलेला ओटीपी कुठला आणि आता कागदं जोडायला आलेला कुठला, हे सांगणाऱ्याला कळत नाही, विचारणाऱ्याला सांगायला वेळ नाही, मागे लाइन लागलेली असते. संमती हा शब्द सम् + मती, बुद्धी जुळणे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ उरलाय आकडे सांगणे. हे मला फार खुपतं.

आणि इन्फॉर्म्ड कन्सेंटचं जे 'माहितीपूर्ण संमती' असं भाषांतर फिरतंय ते तर सरळ चूक आहे. माहितीपूर्ण लेख म्हणजे ज्यात भरपूर माहिती आहे असा लेख. संमतीत माहिती भरलेली नसते, संमती देणाऱ्याला माहिती असावी लागते. 'जाणती संमती' म्हणा, 'समजून दिलेली संमती' म्हणा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर अट आहे की संमती मोकळेपणानं, एका ठरावीक कामासाठी, समजून दिलेली हवी, आणि द्यायला जेवढी सोपी तेवढीच मागे घ्यायलाही सोपी हवी. त्याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळायची सोयही त्याच कायद्यात आहे, म्हणजे मराठीतही. मग ती मराठी कशी असावी हे आपण इथं बोलतोय ते नुसतं हौसेपुरतं राहत नाही.

शब्दखूळ

'जाणती संमती' ला माझं अनुमोदन. जाणता राजा, जाणता माणूस, शब्द लोकांच्या तोंडात आहे. फक्त संमती आणि सहमती यांची गल्लत नको. सहमती दोन पक्षांत होते, संमती एक जण दुसऱ्याला देतो आणि देणारा मालक असतो. परवानगी आणखी वेगळी, ती वरचा खालच्याला देतो. गंमत अशी की दवाखान्यात पेशंट स्वतःला वरचा समजतच नाही, म्हणून "आम्ही काय परवानगी देणार, साहेब, तुम्हीच बघा" असं म्हणतो.

2008 साली सुप्रीम कोर्टानं एका निकालात स्पष्ट केलं होतं की तपासणीसाठी दिलेली संमती ही ऑपरेशनसाठी दिलेली संमती धरता येत नाही. शरीराला लावलेला हा नियम कागदांनाही लागावा, केसपेपरच्या रांगेत दिलेला ओटीपी दुसऱ्या कशासाठी चालू नये.

नागपूरकर

पुणेकर दादा, ओटीपी आला कुणाच्या फोनवर हेही विचारा ना. आमच्याकडे घरात एक फोन, तो नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. बाई तपासायला आली की नंबर त्याचा, मेसेज त्याला. मग संमती कुणाची झाली? टीबीची तपासणी असो, गर्भाचं काही असो, बाया मला विचारतात "हे घरी दिसणार नाही ना जी?" या प्रश्नाला मला सॉफ्टवेअरच्या भाषेत उत्तर देता येत नाही, मराठीत द्यावं लागतं, आणि गोपनीयता हा शब्द मी वापरला की त्या गप्प होतात, कारण तो सरकारी फायलीतला शब्द आहे. मी म्हणतो "आडोसा". या कागदाला आडोसा आहे की नाही ते बघून सांगतो. हा शब्द त्यांना बरोबर कळतो.

कायद्यानं तर पक्का आडोसा दिलेला आहे. एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं बाईचं नाव उघड करायला बंदी घातली. पण कायदा डॉक्टरला बांधतो, घरच्या मोबाइलला कोण बांधणार?

लेस्टरकर

इथून इंग्लंडातून भर घालते. इथं एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नंबर असतो, 10 आकडी, बाळ जन्मलं की मिळतो किंवा बाहेरून आलेल्यांना डॉक्टरकडे नाव नोंदवताना. इथली मराठी मंडळी कधीही "एनएचएस नंबर काढला" म्हणत नाहीत, "नंबर आला" म्हणतात. त्यासाठी कुठं शिबिराला जावं लागत नाही, म्हणून काढणे लागतच नाही. साताराकर, तुमच्या शंकेला हा एक पुरावा समजा.

संमतीवर मात्र इथंही हात पोळलेत. केअर डॉट डेटा नावाची योजना होती, डॉक्टरांकडच्या नोंदी एका मध्यवर्ती साठ्यात न्यायची. 2014 च्या जानेवारीत घरोघरी पत्रकं टाकली, ती लोकांनी नीट वाचली नाहीत, वाचली त्यांना कळली नाहीत, ओरड झाली, फेब्रुवारीत थांबवली आणि 2016 मध्ये गुंडाळली. त्यात गृहीत असं होतं की तुम्ही नको म्हणाला नाहीत म्हणजे हो. 2018 पासून आता नको म्हणायची वेगळी सोय आहे, ऑप्ट-आउट म्हणतात. याला मराठीत चांगला शब्द आहे का? बाहेर पडणे, वगळणे, काहीच जमत नाहीये.

शब्दखूळ

आहे की, 'हरकत'. आपल्याकडे हरकती आणि सूचना मागवतात, ना हरकत प्रमाणपत्र घेतात, प्रत्येकाला माहीत असलेला शब्द आहे. ऑप्ट-इन म्हणजे संमती देणे, ऑप्ट-आउट म्हणजे हरकत नोंदवणे. आणि या दोन शब्दांमुळे फरकही लगेच उघड होतो: ना हरकत म्हणजे संमती नव्हे.

म्हापशेकार

आमच्या गोव्यात 2016 पासून दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, मोठ्या घराला चार लाख. लोक त्याला दीनदयाळ कार्डच म्हणतात आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जाताना पिशवीत आधी तेच टाकतात. आभा आल्यावर आमच्याकडेही विचारणा झाली की जुनं कार्ड बंद होणार काय. नाही होत, आभा हे कुठल्याच विम्याच्या बदल्यात नाही. सक्तीचंही नाही, ऐच्छिक आहे, हेही कोणीतरी ठळक लिहा ना.

साताराकर

लिहिते, खाली घेतलंच आहे. तुमचे सगळ्यांचे मुद्दे घेऊन काउंटरजवळ लावायला एक मजकूर केलाय, तपासून द्या:

"आभा नंबर म्हणजे तुमच्या तपासण्यांची आणि औषधांची कागदं एकमेकांना जोडणारा नंबर. हा विमा नाही. यातून पैसे किंवा मोफत ऑपरेशन मिळत नाही. त्यासाठी आयुष्मान कार्ड वेगळं आहे, योजनेच्या काउंटरवर रेशनकार्ड घेऊन विचारा, पांढरं असलं तरी विचारा. आभा घेणं सक्तीचं नाही, नसलं तरी उपचार मिळतात. ओटीपी सांगण्याआधी विचारा: हा कशासाठी? तुमची कागदं कुणाला दाखवायची हे तुम्ही ठरवायचं, आणि दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते."

'आभा काढा' मुद्दाम कुठंच लिहिलेलं नाही, 'घेणं' वापरलंय.

पुणेकर

मस्त झालंय. एकच, शेवटी "संमती काढूनही घेता येते" मध्ये काढणे परत शिरलंय बघा. 'मागे घेता येते' करा. आणि ओटीपीच्या वाक्यात नागपूरकरांचं जोडा: ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येत असेल तर आधी सांगा.

नागपूरकर

"आधी सांगा" नको दादा, ती बाई लाइनीत सगळ्यांसमोर कशी सांगणार. "सिस्टरला बाजूला घेऊन सांगा" असं लिहा. मी हेच माझ्या उपकेंद्रात लावतो, फक्त आमच्या इकडे 'काउंटर'च्या जागी 'खिडकी' लिहीन.