एका पोस्टरवर लागलेला सिनेमा: ट्रेलर पाहावा की नाही?

अनवट
10 मे 2024 ला आता दोनच आठवडे उरलेत. जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ आपल्याकडे थिएटरात लागतोय, जपानी आवाजात इंग्रजी सबटायटल्ससह आणि इंग्रजी डबिंगमध्येही. जपानमध्ये तो 14 जुलै 2023 ला लागला. तेव्हापासून मी थांबलोय आणि अजून ट्रेलर पाहिलेला नाही. मार्चमध्ये ऑस्कर मिळालं त्या दिवशी बातम्यासुद्धा लावल्या नाहीत, कारण बातमीबरोबर दृश्यं दाखवणारच.

कारण सांगतो. जपानमध्ये प्रदर्शनाआधी ट्रेलर नव्हता, टीव्हीवर जाहिरात नव्हती, आवाज कोणाचे तेही जाहीर केलं नव्हतं. फक्त एक पोस्टर: हाताने काढलेला बगळा, आणि त्याच्या चोचीखाली दडलेला एक डोळा. निर्माते तोशिओ सुझुकी यांचं म्हणणं साधं होतं. हल्ली एकामागून एक ट्रेलर येतात, सगळे पाहिले की गोष्ट कळून जाते, मग थिएटरात जाऊन पाहायचं काय? त्यांना हे करता आलं कारण पैसा घिबलीचा, म्हणजे मियाझाकींच्या स्टुडिओचा, स्वतःचा होता. जपानी ॲनिमेशनपटात सहसा टीव्ही वाहिनी, प्रकाशक, जाहिरात कंपनी असे सगळे मिळून पैसा घालायला समिती करतात आणि प्रत्येकाला आपला पैसा सुटण्याची काळजी असते. इथे अडवणारं कोणी नव्हतं. तरी पहिल्याच आठवड्यात सिनेमा तिकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

माझं मत स्पष्ट आहे. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारी माणसं कमी आहेत, आणि तो विश्वास आपल्याही वाट्याला यायला हवा होता. इथे ट्रेलर फिरतोय. निदान आपण तरी तो न पाहता जाऊया.

कऱ्हाडकर
अनवट, तुमची तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे.

जपानमध्ये पोस्टर पुरलं, कारण त्यामागे मियाझाकी हे नाव उभं होतं. त्यांचा ‘स्पिरिटेड अवे’ 2001 ला आला आणि 2020 च्या अखेरीपर्यंत तिथला सर्वाधिक कमाईचा सिनेमा राहिला. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना हा माणूस माहीत आहे. आमच्याकडे दहा जणांना विचारा, आठ जण ‘कोण?’ म्हणतील. इथे गप्प बसलं तर त्याला गूढ कोणी म्हणणार नाही, सिनेमा लागलाय हेच कळणार नाही.

आणि थिएटरवाल्याचा हिशेब वेगळा असतो. शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारी खेळ कमी, गुरुवारी सिनेमा गायब. मागच्या एप्रिलमध्ये ‘सुझुमे’ या जपानी ॲनिमेशनपटासाठी मी कऱ्हाडहून पुण्याला गेलो. गाठला तो शेवटच्या दिवसाचा रात्रीचा खेळ. हॉलमध्ये आम्ही अकरा जण. परत येईपर्यंत पहाट झाली. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी तो ट्रेलर घरच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, सगळीकडे टाकतोय आणि टाकत राहणार.

2019 आठवा. ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी ॲनिमेशनपट भारतात यावा म्हणून पन्नास हजारांवर लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, तेव्हा तो ऑक्टोबरात आला. शांत बसून काही मिळालेलं नाही आपल्याला.

चित्रचौकट
मी ॲनिमेशनमध्येच काम करते, प्रोमो कापणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, माहिती लपवली म्हणजे प्रेक्षकाचा मान राखला असं दर वेळी होत नाही. ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा ॲनिमेशनपट जपानमध्ये डिसेंबर 2022 मध्ये आला. त्यांनीही गोष्ट झाकून ठेवली होती. पण आगाऊ तिकिटं विकायला काढल्यानंतर जाहीर केलं की जुन्या टीव्ही मालिकेतले आवाज बदललेत. ज्यांनी त्या आवाजांसाठी तिकीट काढलं होतं ते दुखावले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढे सिनेमा प्रचंड चालला, तो भाग वेगळा.

दुसरं, ट्रेलरने उत्सुकता मरते हे मला पटत नाही. ‘सुझुमे’ची पहिली बारा मिनिटं प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी जपानी टीव्हीवर दाखवली होती. बारा मिनिटं! त्या सिनेमाने तिथे 14 अब्ज येनच्या वर कमावले. मियाझाकींचा हा सिनेमा 9 अब्जांच्या आसपास. अमेरिकेत याच सिनेमाला रीतसर ट्रेलर होता आणि पहिल्या तीन दिवसांत तो तिथे पहिला आला, जवळपास 1 कोटी 30 लाख डॉलर.

चांगला ट्रेलर गोष्ट सांगत नाही. तो रंग दाखवतो, चाल दाखवतो, सुरांची झलक देतो. वाईट ट्रेलर बनतात म्हणून ट्रेलरच नको म्हणणं माझ्या कामावर अन्याय आहे.

अनवट
ताई, तुमच्या कामाचा अपमान करायचा नव्हता. पण कमाईच्या आकड्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. मी विचारतोय ते पाहणाऱ्याच्या बाजूने.

पुण्यात पाषाण तलावावर हिवाळ्यात मी राखी बगळा पाहायला जातो. तासभर एका जागी उभा असतो, हलत नाही. ते पोस्टर पाहिल्यापासून प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघताना मनात येतं, त्या चोचीखाली कोण असेल? जवळजवळ वर्षभर मी हा सिनेमा डोक्यात बनवतोय. ट्रेलर पाहिला असता तर हे वर्ष मला मिळालंच नसतं.

कऱ्हाडकर, तुमचा मुद्दा मात्र मान्य. तारीख, गाव, खेळाची वेळ, भाषा यांची दवंडी पिटलीच पाहिजे. त्यात मी चुकलो, दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या. पण गोष्टीबद्दल मौन राहू द्या. ग्रुपवर ट्रेलरऐवजी पोस्टर टाकाल का?

कऱ्हाडकर
नाही टाकणार, खरंच सांगतो. माझ्या चुलतभावाला बगळ्याचं चित्र पाठवलं तर तो पक्ष्यांवरचा माहितीपट समजेल. त्याला ट्रेलरमधलं ते आकाश, ती आग, ते पळणारं पोर दिसलं तरच तो गाडी काढेल. तुम्ही आधीच सिनेमाच्या प्रेमात आहात, म्हणून तुम्हाला न पाहणं परवडतं.

मीराची_आई
तुम्ही सगळे मोठ्यांचं बोलताय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सिनेमा युद्धकाळातला आहे आणि मुलाने आई गमावलेली आहे, एवढं मी वाचलंय. तिला हे झेपेल का, हे मला आधी कळायला हवं. म्हणून मी ट्रेलर पाहिला, तिला दाखवला नाही. आईबापांना काहीच न सांगणं मला योग्य वाटत नाही.

माझी खरी तक्रार भाषेची आहे. मागच्या जूनमध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. तो येऊ शकतो तर हा का नाही? मीरा मराठी शाळेत जाते. इंग्रजी सबटायटल्स तिला त्या वेगात वाचता येत नाहीत, इंग्रजी संवाद अर्धे कळतात. ट्रेलर दाखवा नाहीतर लपवा, तिच्यापर्यंत सिनेमा पोचतो तो मी कानात कुजबुजत सांगेन तेवढाच.

चित्रचौकट
मीराच्या आई, यावर वेगळा धागा काढा. मी नक्की लिहीन. डबिंगचा खर्च, त्यासाठी लागणारे आवाज, दोन्ही मी जवळून पाहिलेत, आणि मराठीत करण्यासारखं खूप आहे.

अनवट
मीराच्या आई, भाषेचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. मी आपला ट्रेलरपाशीच अडकून बसलो. पुण्यात जपानी खेळ कुठे आणि किती वाजता ते बुकिंग उघडल्या उघडल्या इथेच टाकतो. कऱ्हाडकर, या वेळी पहिल्या शनिवारी या, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. परत जायला उशीर झाला तर माझ्याकडे थांबा.

कऱ्हाडकर
येतो. भावालाही आणतो. ट्रेलर त्याला पाठवून झालाय, त्याबद्दल माफी मागणार नाही.

मीराची_आई
काल तिला फक्त ते पोस्टर दाखवलं. बराच वेळ चोचीखालच्या डोळ्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “आई, हा बगळा नाहीये. आत कोणीतरी बसलंय.” आम्हीही शनिवारी येतोय.