मदत हवी आहे: पेशंटचं दुखणं माझ्यासोबत घरी येतं, काय करू?

नमस्कार ताई-दादांनो, मी जळगावला जळीत वॉर्डात नर्स आहे, ६ वर्षं झाली. ड्रेसिंग बदलताना पेशंट ओरडला की माझ्याच अंगाला चटका बसल्यासारखं होतं आणि ते घरीपण येतं, कळण्याची भाकरी थापता थापता हात थांबतो. परवा एरंडोलकडच्या एक आजी, स्वतः एवढ्या त्रासात, तरी मलाच विचारतात "जेवनी का माय?" मी आत जाऊन रडले.

मग यावर वाचत बसले. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ तानिया सिंगर यांनी २००४ साली १६ जोडप्यांवर प्रयोग केला होता, नवऱ्याच्या हाताला शॉक दिला तरी बायकोच्या मेंदूत इन्सुला आणि सिंग्युलेटचे भाग जागे झाले, जे स्वतःला दुखल्यावर होतात तेच! म्हणजे मला होतं ते खोटं नाही, खूप बरं वाटलं वाचून. पुढे त्यांच्याच टीमला दिसलं की समानुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याचं दुखणं स्वतःचं असल्यासारखं अनुभवण्याचा, सराव केला तर त्रास वाढतो, पण करुणेचा केला की मेंदूतले वेगळे भाग काम करतात, माया वाटते तेव्हाचे, आणि माणूस सावरतो.

तर हा करुणेचा सराव ड्युटीवर २ मिनिटांत कसा करायचा? इगतपुरीला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात शेवटी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनात म्हणायचं ध्यान, शिकवतात, पण एवढी सुट्टी मिळत नाही. मराठीत ऑडिओ आहे का कोणाकडे? फक्त मन घट्ट कर असं नका सांगू, मला दगड व्हायचं नाहीये. धुळे-भुसावळकडच्या नर्स असतील तर प्लीज लिहा, नाइट आहे, सकाळी वाचते.